बोस्टनचे ‘ओल्ड साऊथ’ : बोलण्याच्या हक्काचे एक घर

आपण ज्या जागेत तेफिला करतो त्या जागेला हिब्रू भाषेत ‘बेत-कनेसेत’ म्हणतात. या शब्दाचा सरळ अर्थ ‘जमण्याचे घर’ किंवा ‘सभेचे घर’ असा आहे. त्यात ‘देऊळ’ किंवा ‘पवित्र स्थान’ असा अर्थ नाही. ‘सिनेगॉग’ हा ग्रीक शब्दही ‘एकत्र जमणे’ याच अर्थाचा. कोकणात आपले वाडवडील याच जागेला ‘मशीद’ म्हणत, आणि मुंबईच्या सॅम्युएल स्ट्रीटवरचे, १७९६ साली बांधलेले ‘शाअर हारहमीम’ जुन्या मंडळींच्या तोंडी ‘जुनी मशीद’ म्हणूनच राहिले. नाव कोणतेही असो, लोक एकत्र येतात म्हणून त्या चार भिंतींना महत्त्व येते, ही समजूत आपल्यात फार जुनी आहे.

अमेरिकेतील बोस्टन शहरात अशीच समजूत बाळगणाऱ्या लोकांनी बांधलेले एक घर आजही उभे आहे. त्याचे नाव ‘ओल्ड साऊथ मीटिंग हाउस’. ते बांधणारे प्युरिटन पंथाचे ख्रिस्ती होते. चर्च म्हणजे इमारत नव्हे, चर्च म्हणजे माणसे, असे ते मानीत. म्हणून इमारतीला ते चर्च न म्हणता ‘मीटिंग हाउस’, म्हणजे सभेचे घर, म्हणत. हे घर एकदा मोडण्यासाठी विटांच्या भावाने विकले गेले होते. ते का वाचवले, कोणी वाचवले आणि वाचवून त्याचे काय केले, ही हकीकत आपल्या समाजाने जाणून घेण्यासारखी आहे. जुन्या वास्तूंचे काय करावे हा प्रश्न आज आपल्याही दारात उभा आहे.

बोस्टनशी आपला संबंध अगदीच नाही असे नाही. १८१३ साली मुंबईत जे अमेरिकन मिशनरी आले त्यांना पाठवणारे मंडळ बोस्टनचेच होते. त्यांच्या मराठी शाळांत बेने इस्राएल मुले शिकली आणि आपल्यापैकी काही जण त्या शाळांत शिक्षक म्हणून नोकरीस राहिले. आपल्या लोकांनी अक्षरे घेतली, धर्म मात्र आपलाच ठेवला. असो. आता मूळ हकीकतीकडे वळू.

जिथे आधी आवाज दाबला गेला

१६६९ साली बोस्टनच्या पहिल्या मंडळीतून मतभेदामुळे काही लोक वेगळे झाले व त्यांनी तिसरी मंडळी स्थापन केली. पुढल्या वर्षी त्यांनी एक लाकडी सभागृह बांधले. आजची इमारत त्याच जागेवर आहे. मतभेदातून जन्मलेल्या या मंडळीने दुसऱ्यांचे मतभेद सहन करावेत, अशी आपली अपेक्षा असेल, पण तसे झाले नाही. त्या काळी बोस्टनमध्ये क्वेकर पंथाच्या लोकांचा छळ होत असे. १६६० साली मेरी डायर या क्वेकर बाईला शहरात फाशी देण्यात आले होते. १६७७ साली मार्गारेट ब्रूस्टर नावाची दुसरी एक क्वेकर बाई गोणपाट नेसून, अंगाला राख फासून, उपासना चालू असताना या सभागृहात शिरली. छळाचा निषेध करण्याची तिची ही रीत होती. आपल्या नबींच्या काळापासून गोणपाट आणि राख ही शोकाची व पश्चात्तापाची खूण आहे, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. प्युरिटन लोक ‘जुना करार’ रोज वाचीत; त्यांनाही त्या खुणेचा अर्थ पक्का ठाऊक होता. तरी तिला गाडीच्या मागे बांधून फटके मारण्याची शिक्षा झाली.

वीस वर्षांनी याच घरात वेगळा प्रसंग घडला. १६९२ साली सेलम गावी चेटकिणींचे कुप्रसिद्ध खटले झाले. त्यांत वीस निरपराध माणसांचा जीव गेला. एकोणीस जणांना फाशी झाली आणि एका म्हाताऱ्याला दगडांखाली दाबून मारण्यात आले. खटला चालवणाऱ्या न्यायाधीशांपैकी सॅम्युएल सिवॉल हा या मंडळीचा सभासद होता. १४ जानेवारी १६९७ या दिवशी, उपासाच्या दिवशी, तो आपल्या जागी उभा राहिला आणि त्याने लिहून दिलेला कबुलीजबाब धर्मोपदेशकाने सर्वांसमोर वाचला. दोष आणि लाज आपण आपल्या माथी घेतो, असे त्यात होते. त्या न्यायाधीशांपैकी अशी जाहीर कबुली देणारा हा एकटाच. किप्पूरच्या दिवशी आपण उभे राहून विद्दुई म्हणतो, पण ती सर्व समाजाच्या वतीने म्हणतो. एका अधिकारी माणसाने आपल्या एका निकालाबद्दल शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर उभे राहणे ही सोपी गोष्ट नव्हे. पुढे १७०० साली याच सिवॉलने गुलामगिरीविरुद्ध एक छोटे पुस्तक लिहिले. त्याचे नाव त्याने भावांनी विकलेल्या योसेफाच्या गोष्टीवरून घेतले होते.

हे दोन प्रसंग मी मुद्दाम आधी सांगितले. ‘ओल्ड साऊथ’ला आज मतस्वातंत्र्याचे स्मारक म्हणतात, तेव्हा ते पहिल्या दिवसापासून तसे होते असा समज होतो. खरी गोष्ट तशी नाही. या घराने आधी बोलणाऱ्या बाईला फटके मारले, मग चुकलेल्या न्यायाधीशाचे ऐकून घेतले. सहिष्णुता त्याला हळूहळू शिकावी लागली.

विटांचे सभागृह आणि चहाची रात्र

लाकडी सभागृह अपुरे पडू लागले तेव्हा १७२९ साली त्याच जागी विटांची मोठी इमारत बांधण्यात आली. बोस्टनमध्ये त्या काळी एवढी मोठी दुसरी इमारत नव्हती. आत मूर्ती नाही, क्रूस नाही, सजावट नाही. लांबीच्या भिंतीशी उंच व्यासपीठ, समोर लाकडी कठडे घातलेली बसण्याची खणे, आणि वर दोन मजल्यांचे सज्जे. बोलणारा एक आणि ऐकणारे हजारो, पण प्रत्येकाला शब्द ऐकू जावा अशी ही रचना.

गावाच्या सभा खरे तर ‘फॅन्यूल हॉल’मध्ये भरत. पण गर्दी तिथे मावेनाशी झाली की सभा तिथून उठून ‘ओल्ड साऊथ’मध्ये येई. ५ मार्च १७७० रोजी इंग्रज शिपायांनी रस्त्यावर गोळीबार केला, त्यात पाच माणसे मेली. दुसऱ्या दिवशी शिपाई शहराबाहेर न्यावेत अशी मागणी करणारे हजारो लोक याच घरात बसून होते. फौज हलवण्याचे वचन मिळेपर्यंत ते उठले नाहीत. त्यानंतर दरवर्षी मार्चमध्ये या दिवसाच्या आठवणीची भाषणे होऊ लागली. १७७५ सालचे भाषण डॉ. जोसेफ वॉरन यांनी याच सभागृहात केले. समोर श्रोत्यांत इंग्रज अधिकारी बसले होते, तरी त्यांनी भाषण आवरते घेतले नाही. तीन महिन्यांनी ते बंकर हिलच्या लढाईत पडले.

या घराचे नाव मात्र जगभर झाले ते १६ डिसेंबर १७७३ च्या रात्रीमुळे. त्या वर्षी इंग्लंडच्या पार्लमेंटने ईस्ट इंडिया कंपनीला अमेरिकेत चहा विकण्याची खास सवलत दिली. चहावर पौंडामागे तीन पेन्सचा कर पूर्वीपासून होताच. तो तसाच ठेवला. ही कंपनी म्हणजे मुंबईवर राज्य करणारी तीच आपली कंपनी! तिच्याच फौजेत आपले पूर्वज सुभेदार, जमादार झाले, आणि ‘जुनी मशीद’ बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हेही तिच्याच फौजेतील अधिकारी होते. चहा मात्र हिंदुस्थानचा नव्हता, चीनचा होता. आसामचे मळे पुढच्या शतकातले.

चहा घेऊन ‘डार्टमथ’ हे पहिले जहाज २८ नोव्हेंबरला बंदरात आले. मागून ‘एलिनॉर’ व ‘बीव्हर’ ही दोन आली. कायद्याप्रमाणे वीस दिवसांत जकात भरली नाही तर माल सरकारजमा व्हायचा. ही मुदत १७ डिसेंबरला संपणार होती. लोकांचे म्हणणे एवढेच, की जहाज आहे तसे परत पाठवा. गव्हर्नर हचिन्सन म्हणे, जकात भरल्याशिवाय परवाना नाही. या पेचात तीन आठवडे सभा चालल्या. त्या ‘गावच्या’ सभा नव्हत्या. गावच्या सभेत मतदानाचा हक्क असलेल्या मालमत्ताधारकांनाच स्थान. या सभांत मात्र कोणीही येऊन बसावे अशी मुभा होती. सोळा तारखेला थंडी-पावसात सुमारे पाच हजार माणसे जमली. सगळ्या शहराची वस्तीच सोळा हजारांच्या आसपास होती.

सभेने ‘डार्टमथ’चा मालक फ्रान्सिस रॉच याला बोलावले. तो तेवीस वर्षांचा तरुण व्यापारी, नँटकेटच्या क्वेकर घराण्यातला. परवाना मागण्यासाठी त्याला काही मैल दूर गव्हर्नरकडे पाठवण्यात आले. तो येईपर्यंत भाषणे चालली. त्यांत जोसाया क्विन्सी याने पुढच्या परिणामांचा गंभीर इशाराही दिला. जोशात येण्याआधी विचार करा, असे त्याचे सांगणे होते, आणि लोकांनी ते ऐकून घेतले. अंधार पडल्यावर रॉच नकार घेऊन परतला. जहाज तसेच परत नेशील काय, असे त्याला विचारले. तसे केले तर माझे वाटोळे होईल, असे त्याने सांगितले. तेही लोकांनी ऐकले. ९६ वर्षांपूर्वी याच जागी एका क्वेकर बाईच्या पाठीवर फटके बसले होते; आता एक क्वेकर तरुण पाच हजारांच्या गर्दीला न आवडणारे उत्तर देऊन सुखरूप बाहेर पडला.

मग सॅम्युएल अॅडम्सने जाहीर केले, की देश वाचवण्यासाठी या सभेला आता अधिक काही करता येणार नाही. लोक बाहेर पडले. मोहॉक इंडियनांसारखी तोंडे रंगवलेल्या माणसांनी बंदरावर जाऊन तिन्ही जहाजांवरील सुमारे ३४० पेट्या फोडल्या आणि ९२,००० पौंडांहून अधिक चहा समुद्रात टाकला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची ठिणगी इथे पडली.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे आणि इतिहास लिहिताना ती झाकू नये. चहाचे जे व्यापारी कंपनीच्या बाजूचे होते, त्यांना या सभांनी बोलायला मोकळीक दिली असे म्हणता येत नाही. त्यांना दहशत बसली आणि त्यांनी बंदरातल्या किल्ल्याचा आश्रय घेतला. शिवाय याच मंडळीची एक सभासद होती फिलिस व्हीटली. आफ्रिकेतून सात-आठ वर्षांची असताना धरून आणलेली ही गुलाम मुलगी. तिने इंग्रजीत कविता लिहिल्या. पण बोस्टनमध्ये त्या छापायला कोणी पुढे आले नाही, म्हणून १७७३ साली तिचे पुस्तक लंडनला छापले गेले. त्याच्या प्रती बोस्टनला आल्या त्या ‘डार्टमथ’ जहाजातूनच, चहाच्या पेट्यांबरोबर. स्वातंत्र्याच्या घोषणा देणाऱ्या त्या घरात स्वतः गुलाम असलेली ही कवयित्री येऊन बसत असे. मतस्वातंत्र्याचा खरा इतिहास असा गुंतागुंतीचा असतो.

तबेला, आग आणि लिलाव

सभागृहाचे हे महत्त्व इंग्रज फौजेनेही ओळखले होते. १७७५ साली बोस्टनला वेढा पडला तेव्हा शिपायांनी आतील बाके व व्यासपीठ उखडून सरपणाला वापरले, जमिनीवर माती-रेती टाकली आणि घोडेस्वारांना शिकवण्यासाठी त्याचे रिंगण केले. जिथे भाषणे झाली तिथे घोडे नाचवावेत, यात गरजेपेक्षा अपमानाचा हेतू अधिक दिसतो. मंडळीला आपले घर दुरुस्त करून पुन्हा तिथे बसायला १७८३ साल उजाडले.

इथल्या मनोऱ्यात धर्मोपदेशक थॉमस प्रिन्स यांनी जमवलेला मोठा ग्रंथसंग्रह होता. त्यातील ब्रॅडफर्डच्या प्लिमथ वसाहतीच्या इतिहासाचे हस्तलिखित त्या धामधुमीत नाहीसे झाले. ते १८५५ साली लंडनच्या बिशपच्या ग्रंथालयात सापडले आणि १८९७ साली मॅसॅच्युसेट्सला परत आले. प्रिन्स यांच्याच संग्रहात १६४० साली छापलेल्या तेहिलीमच्या इंग्रजी भाषांतराच्या प्रती होत्या. त्या वसाहतींत छापलेले हे पहिले पुस्तक, आणि त्यात काही शब्द चक्क हिब्रू अक्षरांत छापलेले आहेत. त्यातील एक प्रत मंडळीने २०१३ साली विकली, तेव्हा तिला एक कोटी चाळीस लाख डॉलर्सहून अधिक किंमत आली.

शंभर वर्षे गेली. शहर बदलले. ‘ओल्ड साऊथ’च्या भोवतीची घरे जाऊन तिथे दुकाने व वखारी आल्या. मंडळीतील लोक दूरच्या नव्या वस्तीत राहायला गेले. नोव्हेंबर १८७२ मध्ये बोस्टनला प्रचंड आग लागली, साडेसातशेहून अधिक इमारती जळाल्या. पण न्यू हॅम्पशरमधील पोर्ट्‌स्मथहून धावून आलेल्या बंबाच्या साहाय्याने आग या सभागृहाच्या दाराशी थोपवण्यात आली. आगीतून घर वाचले, पण पैशाच्या हिशेबातून वाचणे कठीण झाले. १८७५ साली मंडळी नव्या भव्य चर्चमध्ये गेली. जुने घर काही काळ पोस्ट ऑफिसला भाड्याने दिले होते. अखेर ८ जून १८७६ रोजी ते लिलावात विकले गेले. किंमत १,३५० डॉलर्स, तीही इमारत मोडून सामान उचलून नेण्याच्या अटीवर. खालच्या जमिनीची किंमत चार लाख डॉलर्स! म्हणजे ज्या विटांनी एवढा इतिहास पाहिला, त्यांच्या जवळजवळ तीनशे पट मोल त्यांच्या खालच्या मातीला होते. साल कोणते? अमेरिकेच्या स्वातंत्र्याची शताब्दी ज्या वर्षी साजरी होत होती, तेच.

मोडण्याचे काम सुरू झाले, मनोऱ्यावरचे घड्याळही उतरवले गेले. तेव्हा शेजारच्या एका कापडाच्या व्यापारी पेढीने सात दिवसांची मुदत विकत घेतली. त्या सात दिवसांत, १४ जूनला, याच घरात सभा भरली आणि वेंडेल फिलिप्स बोलायला उभे राहिले. हे गृहस्थ कोण? १८३७ साली इलिनॉयमध्ये गुलामगिरीविरुद्ध छापखाना चालवणारा एलायजा लव्हजॉय जमावाच्या हातून मारला गेला. त्यानंतर छापण्याच्या हक्काच्या बाजूने फॅन्यूल हॉलमध्ये भाषण करून नाव मिळवलेले हे वक्ते. आता म्हातारपणी ते एका घरासाठी उभे राहिले.

भाषणाने मने हलली. काम मात्र बायकांनी केले. शहरातील वीस स्त्रियांनी इमारत ३,५०० डॉलर्सना विकत घेतली. जमीन मिळाली नाही तर वीट न् वीट सोडवून दुसरीकडे नेऊन बांधू, अशी त्यांची तयारी होती. पुढे जमीनही गहाणखत करून घेतली. मेरी हेमनवे या बाईंनी एकटीने एक लाख डॉलर्स दिले. मेळे भरले, व्याख्याने झाली. १८७८ साली वृद्ध इमर्सन यांनीही इथे येऊन व्याख्यान दिले. १८७७ साली ‘ओल्ड साऊथ असोसिएशन’ ही संस्था कायद्याने स्थापन झाली. लक्षात घ्या, प्रतिनिधित्व नाही तर कर नाही, या मागणीसाठी ज्या घरात सभा झाल्या, ते घर वाचवणाऱ्या या स्त्रिया स्वतः कर भरीत होत्या, पण त्यांना मताचा हक्क नव्हता. तो मिळायला १९२० साल यावे लागले.

१८६३ साली जॉन हॅनकॉकचे घर बोस्टनने डोळ्यांदेखत पाडू दिले होते. ती चूक लोकांना टोचत होती. ‘ओल्ड साऊथ’नंतर अमेरिकेत जुन्या वास्तू राखण्याच्या चळवळीला बळ आले.

राखलेल्या घराचे करायचे काय?

इथवरची गोष्ट इतर अनेक स्मारकांसारखीच आहे. या घराचे वेगळेपण पुढे आहे. वाचवलेल्या वास्तूला कुलूप लावून आत काचेची कपाटे मांडणे सोपे असते. मेरी हेमनवे यांनी तसे केले नाही. मुलांना इतिहास शिकवण्यासाठी त्यांनी इथे व्याख्याने सुरू केली, आणि जुने कागद स्वस्तात छापून वाटण्याची ‘ओल्ड साऊथ लीफ्लेट्स’ ही पत्रके निघाली.

विसाव्या शतकात खरी कसोटी आली. १९२० नंतरच्या दशकात बोस्टनमध्ये पुस्तकांवर, नाटकांवर आणि भाषणांवर बंदी घालण्याची लाट आली. मेयरने परवाना नाकारला की सभागृहाचा मालक घाबरून जागा देत नसे. संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या मार्गारेट सँगर यांना बोस्टनमध्ये बोलायला बंदी होती. एप्रिल १९२९ मध्ये ‘फोर्ड हॉल’च्या कार्यक्रमात त्या तोंडाला पट्टी बांधून व्यासपीठावर उभ्या राहिल्या आणि त्यांचे लिहिलेले भाषण हार्वर्डचे इतिहासकार आर्थर श्लेसिंजर यांनी वाचून दाखवले! याच सुमारास ‘ओल्ड साऊथ’च्या चालकांनी ठराव केला, की ज्यांना इतरत्र जागा नाकारली जाते त्यांनाही आमचे सभागृह मिळेल, त्यांचे म्हणणे लोकांना आवडते की नाही हे आम्ही पाहणार नाही.

हा ठराव वाचायला सोपा, पाळायला कठीण. आपण यहुदी लोक आहोत. द्वेषाची भाषणे पुढे कुठवर जातात हे आपल्याइतके कोणी जाणत नाही. १९७७-७८ साली शिकागोजवळच्या स्कोकी गावात अमेरिकन नाझींनी मोर्चा काढण्याचा हट्ट धरला. त्या गावात छळछावण्यांतून वाचलेले शेकडो यहुदी राहत होते. नाझींचा मोर्च्याचा हक्क कोर्टात मांडणारा वकील स्वतः यहुदी होता. कोर्टाने परवानगी दिली. मोर्चा अखेर स्कोकीत निघालाच नाही. पण त्या वकिलाच्या संस्थेचे हजारो सभासद रागावून सोडून गेले. त्यांचा राग मला समजतो. ज्याने छावणी पाहिली त्याला मतस्वातंत्र्याचे धडे देण्याचा अधिकार मला नाही. तरी एक विचार मनात येतोच, की ज्या हाताने आज दुसऱ्याचे तोंड बंद होते त्याच हाताने उद्या आपले होते, आणि थोड्या संख्येच्या समाजाला हा धोका नेहमीच अधिक.

आपल्या परंपरेतही याला आधार आहे. मिशनामध्ये हार झालेल्या बाजूचे मतही नावानिशी नोंदले आहे. शम्माईचे मत बाजूला पडले, तरी पुसले गेले नाही. हिल्लेलच्या घराण्याचा निर्णय मान्य झाला, याचे एक कारण आपले विद्वान असे देतात, की ते आधी समोरच्याचे म्हणणे सांगत आणि मग आपले. मत स्वीकारणे निराळे आणि ऐकून घेणे निराळे, हा भेद आपल्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

आपल्यासाठी यातले काय?

आपल्या समाजाच्या अलीकडच्या इतिहासातला सर्वांत मोठा दिवस घ्या. १९६० नंतरच्या वर्षांत विवाहाच्या प्रश्नावर बेने इस्राएलांच्या यहुदीपणाबद्दल शंका घेतली गेली. वंशावळीची चौकशी करावी असे नियम निघाले. तेव्हा आपले लोक काय घेऊन लढले? आपल्याजवळ पैसा नव्हता, मोठी पदे नव्हती, धड हिब्रूही येत नव्हती. बेरशेवा, दिमोना, लोद, अश्दोद अशा गावांतली साधी कामगार माणसे येरुशलायमच्या रस्त्यावर येऊन बसली आणि बोलली. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये कनेसेतने खास बैठक घेऊन बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदी आहेत असे जाहीर केले आणि नंतर ते नियमही बदलले गेले. ‘कनेसेत’ म्हणजे सभाच. ज्या शब्दाने हा लेख सुरू केला तोच शब्द. त्या दिवशी एका सभेच्या घराने लहान समाजाचे म्हणणे ऐकून घेतले. न ऐकते तर आज आपण कुठे असतो?

आता कोकणाकडे पाहू. रेवदंड्याचे बेथ-एल, अलिबागचे मागेन आबोथ, पनवेल, पेण आणि इतर ठिकाणची आपली बेत-कनेसेत. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इकडे आली आणि तिकडे कित्येक जागी दहा माणसांचा मिनियान जमणे अवघड झाले. मंडळी निघून गेली, घर मागे राहिले. ‘ओल्ड साऊथ’चीही नेमकी हीच अडचण होती. तिथल्या स्त्रियांनी वीट न् वीट हलवण्याचा विचार केला होता; कोचीनच्या कडवुंभागम बेत-कनेसेतचा आतला लाकडी साज तसाच उचलून येरुशलायमच्या इस्राएल म्युझियममध्ये आणला आहे. उलट परूरचे बेत-कनेसेत केरळात जागच्या जागी दुरुस्त करून संग्रहालय म्हणून उघडले आहे. दोन्ही वाटा चांगल्या. कोणती घ्यावी हे त्या त्या गावच्या उरलेल्या मंडळींनी, मुकादमांनी ठरवावे. दूर बसून आपण हुकूम देऊ नयेत. खर्चाच्या वेळी मात्र हात आखडू नये.

पण भिंतींइतकेच त्यांत काय बोलले गेले तेही जपले पाहिजे. आपल्या मशिदींत फक्त तेफिला झाल्या नाहीत. शाबाथच्या तेफिलेनंतर पंचायत बसली, भांडणे तुटली, विधवांच्या मदतीचे ठराव झाले, हिशेबावरून वाद पेटले, कोणी रागावून उठून गेला आणि पुढच्या सणाला परत आला. हिंदुस्थानात राहावे की इस्राएलला जावे, यावर घराघरांत व अंगणांत किती वाद झाले! ते कागद, त्या वह्या, त्या आठवणी गोळा करताना फक्त गौरवाच्या गोष्टी निवडू नयेत. ज्यांचे मत पडले त्यांचेही लिहावे. ‘ओल्ड साऊथ’मध्ये आज जाणाऱ्याला चहाच्या रात्रीइतकीच फिलिस व्हीटलीचीही गोष्ट सांगतात, आणि त्यामुळे त्या घराची किंमत कमी होत नाही, उलट वाढते.

शेवटी एक लहानशी गोष्ट. १८७५ साली जी मंडळी ते घर सोडून गेली, तिचे आजचे सभासद दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या रविवारी आपल्या नव्या चर्चमधून निघून त्या जुन्या घरात उपासनेला येतात. घर आता त्यांच्या मालकीचे नाही. एरवी ते संग्रहालय आहे, सभागृह आहे. २०२३ सालच्या डिसेंबरात चहाच्या रात्रीला अडीचशे वर्षे झाली तेव्हाही तिथे लोकांनी सभा भरवून तो वाद पुन्हा जागवला.

आपल्यालाही हे करता येण्यासारखे आहे. नातवंडांना घेऊन हिंदुस्थानात जाणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. एलियाहू हन्नबीच्या खडकाला, खंडाळ्याला, नवगावला ती जातातच. जाताना आपल्या मूळ गावच्या बेत-कनेसेतमध्येही एक सकाळ द्यावी. मिनियान जमला तर तेफिला म्हणावी. नाही जमला तर ओसरीवर बसून मुलांना सांगावे, की तुझे पणजोबा इथे बसत, आणि पटले नाही तर उभे राहून बोलत.